कॅमेऱ्याची लेन्स, प्रतिमेचं अंतर आणि माझे हरवलेले १५ मिलिमीटर

भिंगाचं सूत्र आपण पहिल्यांदा दहावीत शिकतो. मग ते बारावीत परत येतं, बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला येतं आणि एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतही येतं. इतक्या वेळा गणितं सोडवल्यावर ते सूत्र आपल्याला येतं याबद्दल मनात काही शंका उरत नाही. माझ्याही उरली नव्हती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मात्र याच सूत्राने माझं दीड महिन्याचं काम उलटंपालटं केलं. गंमत म्हणजे सूत्र बरोबर होतं, आकडेमोडही बरोबर होती. तरी उत्तर चुकलं, आणि त्या चुकीच्या उत्तराला मी छानसं शास्त्रीय स्पष्टीकरणही शोधून ठेवलं होतं.

तुम्ही नेट, सेट, गेट किंवा पेटची तयारी करत असाल तर पहिला अर्धा भाग तुमच्या उजळणीसाठी. दुसरा अर्धा भाग लॅबमध्ये पाय ठेवल्यावर लागेल, तो जपून ठेवा.

आधी सूत्र

१/व्ही − १/यू = १/एफ

यू म्हणजे वस्तूचं भिंगापासूनचं अंतर, व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर आणि एफ म्हणजे नाभीय अंतर, ज्याला फोटोग्राफर फोकल लेंथ म्हणतात. कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तू भिंगाच्या डावीकडे असते, म्हणून यू ऋण. बहिर्गोल भिंगाचं एफ धन. वास्तव प्रतिमा उजवीकडे पडते, म्हणून व्ही धन.

विशालन, म्हणजे प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची:

एम = व्ही/यू

कॅमेऱ्यात व्ही धन आणि यू ऋण असल्यामुळे एम ऋण येतं. म्हणजे प्रतिमा उलटी. इथे एक नेहमीची घसरण्याची जागा आहे: आरशासाठी सूत्र एम = −व्ही/यू असं असतं, भिंगासाठी उणे चिन्ह नसतं. परीक्षेच्या घाईत दोन्हींची सरमिसळ होते. चिन्ह चुकलं तर वास्तव प्रतिमा सुलटी निघते. एका बहिर्गोल भिंगाने पडद्यावर सुलटी प्रतिमा पडत नाही, एवढं आठवलं तरी चूक तिथेच पकडता येते.

कॅमेऱ्यात प्रतिमा कायम वास्तव आणि उलटीच असते. म्हणून यापुढे मी चिन्हं बाजूला ठेवून फक्त अंतरांची मापं घेते. मग तेच सूत्र तीन सोयीच्या रूपांत लिहिता येतं:

व्ही = यू × एफ ÷ (यू − एफ)
एम = एफ ÷ (यू − एफ)
एम = (व्ही − एफ) ÷ एफ

शेवटची दोन रूपं स्वतः सोडवून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांच्यातला फरक नीट बघा. दुसऱ्या रूपाला फक्त वस्तूच्या बाजूची माहिती लागते. तिसऱ्याला फक्त प्रतिमेच्या बाजूची. विशालन एकच, पण ते काढायच्या वाटा दोन. या जोडीकडे आपण परत येणार आहोत.

एक गणित पूर्ण करू

५० मिलिमीटरची लेन्स आहे. समोर २ मीटरवर १.६ मीटर उंचीची व्यक्ती उभी आहे. प्रतिमा कुठे आणि केवढी पडेल?

सगळं मिलिमीटरमध्ये घेऊ. एकक एकच ठेवायचं, ही पहिली शिस्त.

व्ही = २००० × ५० ÷ १९५० = ५१.२८ मिमी
एम = ५० ÷ १९५० = ०.०२५६
प्रतिमेची उंची = १६०० × ०.०२५६ = सुमारे ४१ मिमी

परीक्षेत इथे पेन खाली ठेवायचं. पण कॅमेऱ्यासाठी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे ४१ मिलिमीटर मावणार कुठे? फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. कॅमेरा उभा धरला तरी डोकं किंवा पाय कापले जाणार. मग किती मागे जायचं? उलटं गणित करू. प्रतिमा जास्तीत जास्त ३६ मिमी हवी, म्हणजे एम = ३६ ÷ १६०० = ०.०२२५. आता यू = एफ × (१ + १/एम) = ५० × ४५.४ = सुमारे २२७० मिमी. म्हणजे किमान सव्वादोन मीटर, आणि डोक्यावर थोडी जागा सोडायची तर अडीच.

संशोधनात बहुतेक वेळा गणित याच उलट्या दिशेने येतं. आपल्याला काय दिसायला हवं ते आधी ठरतं, त्यावरून विशालन ठरतं आणि त्यावरून अंतरं. उपकरण विकत घ्यायच्या आधी हे गणित कागदावर झालेलं असलं की निम्म्या अडचणी टळतात.

जवळ गेल्यावर काय होतं

हीच ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन वस्तू हळूहळू जवळ आणू:

यू १०,००० मिमी: व्ही ५०.२५ मिमी, एम ०.००५
यू १,००० मिमी: व्ही ५२.६३ मिमी, एम ०.०५३
यू ५०० मिमी: व्ही ५५.५६ मिमी, एम ०.१११
यू १५० मिमी: व्ही ७५ मिमी, एम ०.५
यू १०० मिमी: व्ही १०० मिमी, एम १
यू ६० मिमी: व्ही ३०० मिमी, एम ५

वस्तू १० मीटरवरून १ मीटरवर आली तेव्हा प्रतिमा जेमतेम २.४ मिलिमीटर सरकली. पण वस्तू १५० वरून १०० मिलिमीटरवर आली, म्हणजे फक्त ५ सेंटिमीटर सरकली, तेव्हा प्रतिमा २५ मिलिमीटर मागे गेली. फोकसची रिंग फिरवून लेन्स काही मिलिमीटरच पुढेमागे होते. म्हणून फार जवळचे फोटो काढायला लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे नुसती पोकळ नळी लावावी लागते. तिच्यात काच नसते. ती फक्त व्ही वाढवते.

वस्तू बरोबर ५० मिलिमीटरवर आली की छेदात शून्य येतं आणि प्रतिमा अनंतावर जाते. त्याहून जवळ आली की प्रतिमा आभासी होते. तीच लेन्स आता साधं वाचायचं भिंग झालेली असते. डोळ्याला मोठं अक्षर दिसेल, पण सेन्सरवर काहीही पडणार नाही.

दुसऱ्या टोकाला काय होतं तेही बघू. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरवर हायराइज नावाचा कॅमेरा आहे. त्यात भिंगाच्या जागी आरसे आहेत, पण अंतरांचं गणित हेच. त्याचं नाभीय अंतर १२ मीटर, पिक्सेल १२ मायक्रोमीटरचा. पृष्ठभाग ३०० किलोमीटरवर धरला तर एम = १२ ÷ ३,००,००० = ०.००००४. म्हणजे एका पिक्सेलमध्ये मंगळाची ०.३ मीटर जमीन मावते. प्रतिमा नाभीपासून किती सरकली? एम × एफ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. वस्तू दूर असली की व्ही जवळजवळ एफएवढंच असतं आणि सगळं सोपं होतं. खरी परीक्षा जवळच्या वस्तूंची आहे, आणि प्रयोगशाळेत आपण बहुतेक वेळा जवळच्याच वस्तू बघत असतो.

आता माझी गोष्ट

माझं काम पाण्याच्या थेंबांवर आहे. पाणी न चिकटणाऱ्या पृष्ठभागावर ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा आणि तो वाळेपर्यंत बाजूने फोटो काढत राहायचे. प्रोग्राम प्रत्येक फोटोत थेंबाची कड शोधतो, थेंबाच्या आडव्या चकत्या कल्पून त्यांची बेरीज करतो आणि आकारमान देतो. अशा जवळजवळ गोल थेंबाच्या व्यासाचा वर्ग ढोबळमानाने वेळेबरोबर सरळ रेषेत कमी होतो. त्या रेषेचा उतार हा माझा निकाल.

कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रोमीटरचा. त्याला जुनी, हाताने फोकस करायची ५० मिलिमीटरची लेन्स आणि मध्ये १४ मिलिमीटरची ट्यूब. फोटोतले पिक्सेल मिलिमीटरमध्ये आणायला विशालन हवं. मी पट्टी घेतली, लेन्सच्या पुढच्या कडेपासून थेंबापर्यंतचं अंतर मोजलं. बरोबर १५० मिलिमीटर. वरच्या यादीतली ओळ: एम ०.५. म्हणजे १ मिलिमीटर = ०.५ ÷ ०.००३४५ = १४५ पिक्सेल. प्रोग्राममध्ये १४५ टाकलं आणि दीड महिना थेंब वाळवत बसले.

निकाल आले. पहिल्या फोटोत थेंब ५ नाही, ३.३ मायक्रोलिटरचा निघायचा. मी म्हटलं, थोडं पाणी पिपेटच्या टोकाला चिकटून राहत असेल. रेषेचा उतार अपेक्षेपेक्षा २४ टक्के कमी यायचा. मी म्हटलं, पृष्ठभागावरची अशुद्धी बाष्पीभवन मंदावत असेल. यावर दोन पेपर वाचले, एक आकृती काढली आणि सहामाही सादरीकरणात संशोधन सल्लागार समितीसमोर ती दाखवलीसुद्धा. समितीने मान डोलावली.

नंतर एकदा मॅडम लॅबमध्ये आल्या. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "थेंब किती मायक्रोलिटरचा ठेवतेस?"

"पाच, मॅडम."

"आणि फोटोत?"

"तीन पूर्णांक तीन. पिपेटला थोडं चिकटतं."

"एक तृतीयांश चिकटतं? रोज? तेवढंच?" मग जरा थांबून म्हणाल्या, "थेंबाच्या जागी पट्टी ठेवून फोटो काढलायस का कधी?"

नव्हता काढला.

त्या दुपारी काचेवर कोरलेली, दहावा भाग दाखवणारी १० मिलिमीटरची स्केल थेंबाच्या जागी ठेवली. १० मिलिमीटरमध्ये १२६० पिक्सेल. म्हणजे १ मिलिमीटरला १२६ पिक्सेल, १४५ नव्हे. खरं विशालन १२६ × ०.००३४५ = ०.४३५.

प्रोग्राममधला आकडा १५ टक्के जास्त होता. म्हणून प्रत्येक लांबी १३ टक्के कमी मोजली गेली. लांबीच्या वर्गावर बेतलेला उतार २४ टक्के कमी आला, तर घनावर बेतलेलं आकारमान ३४ टक्के कमी. ५ मायक्रोलिटरचे ३.३ झाले ते इथे. एकाच चुकीला मी दोन वेगवेगळी कारणं देऊन बसले होते, आणि दोन्ही वाचायला पटण्यासारखी होती. भीती वाटावी अशी गोष्ट हीच आहे.

चूक कुठे होती?

भिंगाचं सूत्र पातळ भिंगासाठी लिहिलेलं असतं. पातळ भिंगाला जाडीच नाही, म्हणून "भिंगापासून" म्हणजे कुठून, हा प्रश्न येत नाही. पण कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे नळीत बसवलेली पाच, सहा, कधी पंधरा भिंगं. तिथे भिंगापासून म्हणजे नक्की कुठून?

याचं उत्तर गाऊसने १८४० च्या सुमारास दिलं. जाड भिंगाला किंवा भिंगांच्या संचाला दोन कल्पित प्रतलं असतात, त्यांना मुख्य प्रतलं म्हणतात. वस्तूचं अंतर पहिल्या मुख्य प्रतलापासून मोजायचं, प्रतिमेचं दुसऱ्यापासून. असं मोजलं की पातळ भिंगाचं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं. मात्र ही प्रतलं लेन्सवर कुठेही रेघ मारून दाखवलेली नसतात. ती नळीच्या आत असतात, आणि काही लेन्सच्या बाबतीत तर नळीच्या बाहेरही.

माझ्या लेन्सचं पहिलं मुख्य प्रतल पुढच्या कडेच्या १५ मिलिमीटर आत होतं. खरं यू १५० नव्हतं, १६५ होतं. ५० ÷ ११५ = ०.४३५. स्केलने जे सांगितलं तेच.

१५ मिलिमीटर इतके महाग का पडले? एम = एफ ÷ (यू − एफ) यात छेद बघा. यू मोजताना झालेली चूक यू − एफ या फरकाच्या तुलनेत किती, त्यावर सगळं ठरतं. २ मीटरवरच्या माणसाचा फोटो असता तर १५ भागिले १९५०, म्हणजे एक टक्काही नाही. माझ्या थेंबासाठी १५ भागिले ११५, म्हणजे १३ टक्के. पाठ्यपुस्तकातली गणितं लांबच्या वस्तूंवर सवय लावतात. लांबची वस्तू चूक पोटात घालते, जवळची घालत नाही.

आता त्या दोन वाटांकडे परत येऊ. वस्तूच्या बाजूने मी ०.५ काढलं होतं. प्रतिमेच्या बाजूने काढलं असतं तर? अनंतावर फोकस असताना व्ही = एफ. तिथून लेन्स किती पुढे सरकली तेवढंच व्ही − एफ. ट्यूबचे १४ मिलिमीटर, आणि रिंग जवळच्या टोकाला फिरवल्यावर नळी बाहेर येते ते साडेसात. एकूण २१.५. भागिले ५०, एम = ०.४३. कॅलिपर घेऊन दोन मिनिटांत झालं असतं. एका वाटेने ०.५ आणि दुसऱ्या वाटेने ०.४३ आलं असतं, तर पहिल्याच दिवशी प्रश्न पडला असता.

ही दुसरी वाट बरोबर का निघाली? कारण तिथे मी एका ठिकाणापासूनचं अंतर मोजलेलं नाही, सरकण्यातला फरक मोजला आहे. मुख्य प्रतल कुठेही असो, लेन्स सरकली तेवढंच तेही सरकतं.

शून्य माहीत नसेल तर

हाच विचार पुढे नेला की एक सुंदर पद्धत हाती येते. एम = एफ ÷ (यू − एफ) हे उलटं करून लिहा:

१/एम = यू/एफ − १

हे सरळ रेषेचं समीकरण आहे. आता यू कुठून मोजायचं ते माहीत नाही असं समजा. हरकत नाही. लेन्सच्या पुढच्या कडेपासून मोजा आणि त्या अंतराला एक्स म्हणा. खरं यू म्हणजे एक्स अधिक एक अज्ञात स्थिर संख्या. स्थिर संख्येने रेषा वरखाली होते, तिचा उतार बदलत नाही. उतार १/एफच राहतो.

मी चार जागांवर स्केल ठेवून, प्रत्येक वेळी रिंगने फोकस करून फोटो काढले. आकडे इथे गोल करून देते:

एक्स १५० मिमी: १२६.० पिक्सेल प्रति मिमी, १/एम २.३०
एक्स १७० मिमी: १०७.४ पिक्सेल प्रति मिमी, १/एम २.७०
एक्स १९० मिमी: ९३.५ पिक्सेल प्रति मिमी, १/एम ३.१०
एक्स २१० मिमी: ८२.८ पिक्सेल प्रति मिमी, १/एम ३.५०

दर २० मिलिमीटरला १/एम ०.४० ने वाढतं. उतार ०.०२, म्हणजे एफ = ५० मिमी. लेन्सवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबायची गरजच उरली नाही. आता यू शून्य असताना १/एम = −१ हवं. रेषा मागे वाढवत नेली की ती −१ ला एक्स = −१५ वर पोहोचते. म्हणजे मुख्य प्रतल कडेच्या १५ मिलिमीटर आत. हरवलेले पंधरा मिलिमीटर सापडले.

बीएस्सीच्या लॅबमध्ये "आलेख का काढायचा, सरासरी काढली तर चालणार नाही का?" असं मी एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं. प्रत्येक वाचनात एकच ठरलेली चूक बसलेली असेल तर सरासरी तिला तशीच ठेवते. आलेखाचा उतार मात्र तिला बाजूला काढतो.

लेन्सवर लिहिलेल्या आकड्यांबद्दल

दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, लेन्सच्या माहितीपत्रकात "किमान फोकस अंतर ०.४५ मीटर" असं लिहिलेलं असतं ते लेन्सपासूनचं नसतं. ते सेन्सरपासूनचं असतं. अनेक कॅमेऱ्यांवर गोलातून आरपार गेलेली एक छोटी रेघ असते, ती सेन्सरचं प्रतल दाखवते. म्हणजे मुख्य प्रतलांमधलं अंतर सोडलं तर ०.४५ मीटर ही यू आणि व्ही यांची बेरीज. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी यू + व्ही = ४५० घेऊन वर्गसमीकरण सोडवा. यू ३९२.७ आणि व्ही ५७.३ येतं, एम ०.१४६. अशा लेन्सच्या माहितीपत्रकात कमाल विशालन ०.१५ च्या आसपास असतं, ते इथून. कोणी ४५० लाच यू समजलं तर ०.१२५ येईल आणि मेळ बसणार नाही.

दुसरी, आजच्या बऱ्याच लेन्स फोकस करताना आख्ख्या पुढे सरकत नाहीत. आतली काही भिंगंच सरकतात आणि त्याबरोबर नाभीय अंतरही बदलतं. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या. एम = १ असताना यू आणि व्ही दोन्ही २ एफ, म्हणजे बेरीज ४ एफ. नाभीय अंतर १०० च राहिलं असतं तर सेन्सरपासून वस्तू ४०० मिलिमीटरवर असायला हवी. पण अशा अनेक लेन्सचं एम = १ चं अंतर ३०० मिलिमीटरच्या आसपास असतं. ढोबळ हिशोबाने त्या क्षणी लेन्स ७५ मिलिमीटरची झालेली असते. लेन्सवरचा १०० हा आकडा अनंतावरच्या फोकससाठीचा. अशा लेन्सला वरची सरळ रेषेची पद्धतही लागू पडत नाही, कारण दर वाचनाला एफ वेगळं. तिथे एकच भरवशाचा मार्ग: स्केलचा फोटो.

लॅबमध्ये काय करायचं

सूत्र वापरायचं ते उपकरण ठरवताना: कोणती लेन्स, किती लांब ट्यूब, टेबलावर किती जागा. मोजमापासाठी विशालन हवं असेल तेव्हा ते काढायचं नाही, मोजायचं. आणि मग सूत्राने ताडून बघायचं.

स्केल नेमकी वस्तूच्याच प्रतलात ठेवा. माझ्या मांडणीत ती २ मिलिमीटर पुढे राहिली तर २ भागिले ११५, म्हणजे पावणेदोन टक्के चूक, आणि आकारमानात पाच टक्के.

स्केल लांब घ्या. माझ्या फोटोत ०.७२ मिलिमीटर जाडीची सुईही दिसते, पण ती फक्त ९० पिक्सेलची. दोन्ही कडांवर एकेक पिक्सेल चुकला तरी दोन टक्के गेले. १२६० पिक्सेलच्या स्केलवर तेच दोन पिक्सेल म्हणजे ०.२ टक्क्यांहून कमी.

रिंगला हात लागला की स्केलचा फोटो परत. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक काढलात तर दिवसात काही हललं का तेही कळतं. रिंगला चिकटपट्टी लावून ठेवा.

शेवटचं, आपल्याला आधीच माहीत असलेली एखादी गोष्ट मोजून बघा. मला थेंब ५ मायक्रोलिटरचा आहे हे माहीत होतं. उपकरण ३.३ म्हणत होतं. मी उपकरणावर विश्वास ठेवला आणि पिपेटला दोष दिला.

मग त्या दीड महिन्याचं काय झालं? ज्या दिवशी रिंग हलली नव्हती आणि फोटोत सुई होती, त्या थेंबांचे आकडे सुईशी ताडून १२६ ने परत काढता आले. ज्या दिवशी रिंग हलवल्याची वहीत नोंद होती आणि सुई चौकटीबाहेर होती, ते थेंब सोडून द्यावे लागले. ४१ पैकी १२ गेले. उरलेल्या २९ थेंबांचा उतार अपेक्षेशी जुळला. माझी अशुद्धीची आकृती निकालात निघाली. समितीला मेल लिहिला: मागच्या सादरीकरणातला २४ टक्क्यांचा फरक माझ्या कॅलिब्रेशनच्या चुकीमुळे होता, सुधारित आलेख सोबत जोडला आहे. पाठवायचं बटण दाबायला अर्धा तास लागला. एका सदस्यांचं उत्तर आलं: "बरं झालं, आत्ताच सापडलं."

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. एका लेन्सच्या पुढच्या कडेपासून स्केल ९० मिलिमीटरवर ठेवली तेव्हा विशालन ०.३३३ आलं, आणि १४० मिलिमीटरवर ठेवली तेव्हा ०.२००. फोकस करताना पूर्ण लेन्स सरकते. लेन्सचं नाभीय अंतर किती आणि मुख्य प्रतल कुठे? उत्तर २५ मिलिमीटर, आणि कडेच्या १० मिलिमीटर आत. कसं ते वहीत सोडवा. आणि ९० लाच यू धरलं असतं तर विशालन किती चुकलं असतं, तेही काढून बघा.